आधी समोरच्याचं

तुर्भ्याच्या आमच्या रंग-रसायनांच्या कारखान्यात गेटाशी वजनकाटा होता, आणि काट्यावर गमरे मास्तर होते. मास्तर ते नावाचेच, शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ट्रक काट्यावर घ्यायचा, केबिनमधल्या दांडीवरचं वजन सरकवत काटा स्थिर करायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायची, एवढं त्यांचं काम. पण हे काम ते दोनदा करत. ट्रक गेटाच्या बाजूने काट्यावर चढला की वजन घेत आणि मग ड्रायव्हरला म्हणत, "आता वळून गोदामाच्या बाजूनं या."

मागे ट्रकांची रांग लागलेली असे. ड्रायव्हर वैतागत.

"मास्तर, टाइम खोटी करू नका ना. एकदा घेतलं ना वजन?"

"एका बाजूनं घेतलं. अहो, काट्यालाही एखादी बाजू जवळची वाटत असेल."

बहुतेक वेळा दोन्ही वजनं सारखीच भरत. मग ड्रायव्हर विचारी, उपयोग काय झाला? मास्तर म्हणत, "सारखी आहेत हे कळलं ना." साहेबांनी दोनदा तोंडी आणि एकदा लेखी समज दिली होती. मास्तरांनी तिन्ही समजा आदराने स्वीकारल्या आणि ट्रक दोन्ही बाजूंनी चढवणं चालू ठेवलं.

बुटके, काळेसावळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गाव खेडकडचं, पण कोकणी हेल त्यांच्या बोलण्यात फक्त रागावल्यावर येई, आणि रागावत ते क्वचित. घरी सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घेत नसत. जगातल्या यच्चयावत माणसांना अहो-जाहो करत. चहा आणणाऱ्या म्हाताऱ्यालाही आणि त्या म्हाताऱ्याच्या नातवालाही. शर्टाच्या खिशात लाल-निळी पेन्सिल असे. पुस्तक वाचताना स्वतःला पटलेल्या ओळीखाली लाल रेघ आणि न पटलेल्या ओळीखाली निळी. ही पेन्सिल नेहमी निळ्या बाजूनेच आखूड झालेली दिसायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पटलेलं माणूस तसंही लक्षात ठेवतो. न पटलेल्याची नोंद नको का?" बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं, हे मला खूप उशिरा आणि दुसऱ्याकडून कळलं.

मी त्या वेळी टाइम ऑफिसात नवा कारकून होतो. साताऱ्याकडून आलेला, बी.कॉम. झालेला आणि आपल्याला बरंच कळतं अशी समजूत असलेला. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. वाशीत इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यामध्ये अजून चिखल होता. युनियनची कचेरी तिथेच एका दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. रविवारी सकाळी नऊ वाजता त्यातल्या आतल्या खोलीत मास्तरांचा अभ्यासवर्ग भरे. विषय वर्षानुवर्षं एकच. वस्तूला मोल येतं कुठून?

यावर जगात तीन तट आहेत, असं मास्तर सांगत. पहिले म्हणतात, वस्तूत जे कष्ट मुरले त्यातून मोल येतं. दुसरे म्हणतात, कष्ट गेले उडत, घेणाऱ्याला ती वस्तू किती हवीशी वाटते त्यावर सगळं ठरतं. तिसरे म्हणतात, मोल-बिल काही नसतं, एका वस्तूच्या किमतीतून दुसरीची किंमत निघते एवढंच. मास्तर स्वतः पहिल्या तटाचे, अगदी पक्के. दिवसाला आठ तास ड्रम उचलणाऱ्या माणसाला दुसरं काही पटणं शक्य नाही, असं आम्हाला वाटे. मास्तर म्हणत, "मलाही तसंच वाटतं. म्हणून तर भीती वाटते."

वर्गाचा नियम एकच होता. आधी समोरच्याचं. कुणाचं खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. ते ऐकून समोरचा जेव्हा "काटा बसला" म्हणेल, तेव्हाच आपलं बोलायचं. तोवर नाही.

पहिल्याच रविवारी मी तावातावाने उठलो आणि मास्तरांचं चुकतंय असं म्हणालो.

"असेल, शिंदे. पण मी काय म्हणालो ते आधी सांगा."

मी सांगितलं. "नाही बसला," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "अजून थोडा वर आहे." तिसऱ्या वेळी मी प्रत्येक मुद्दा बोटांवर मोजत, अडखळत मांडला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बसला काटा. आता करा हल्ला." तोवर माझ्याजवळ हल्ला करण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. सगळे हसले. मीही हसलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

वर्गात हिराजी पाटील होता. खाडीकाठच्या गावचा, आगरी, आमच्याच कारखान्यात बॉयलरवर. नव्या शहरासाठी त्याच्या गावची शेतं सरकार घेत होतं, त्यामुळे जमीन म्हटलं की त्याचे कान टवकारत. एका रविवारी मास्तर पुस्तकातलं सांगत होते. जमीन कुणी बनवली नाही, तिच्यात कुणाचे कष्ट नाहीत, म्हणून जमिनीला किंमत येते पण मोल नसतं. हिराजी एकदम उठला.

"मास्तर, यो तुमचा आमच्याकडं चालाचा नाय. आमचे आज्यानी बांद घातला. खारा पानी भायेर ठेवला. तवा भात आला. मंग ती जमीन कुनी केली?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बांध वेगळा आणि जमीन वेगळी. मास्तर तसं म्हणाले नाहीत. ते हिराजीचं म्हणणं मांडायला लागले, आणि हिराजी एकदा नाही, तीनदा "नाय बसला" म्हणाला. मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "हिराजीराव, मला दाखवाल का तो बांध?"

पुढच्या रविवारी वर्ग भरला नाही. मास्तर, हिराजी आणि मी त्या बांधावरून चालत होतो. एका बाजूला खाडीचा चिखल आणि दुसऱ्या बाजूला भाताचे खुंट. खाऱ्या मातीने पायांच्या बोटांत आग होत होती. मास्तर जागोजागी बसून विचारत होते, हा दगड कुठून आणला, उधाणाला फुटला की किती दिवस लागत, बायका किती असत, पाणी बाहेर सोडायची दारं कोण उघडत असे. हिराजी सांगत होता आणि सांगता सांगता त्याचा आवाज बदलत गेला. आजवर कुणी हे त्याला विचारलं नव्हतं. नंतरच्या रविवारी मास्तरांनी वर्गाची सुरुवात केली ती अशी, "जमिनीबद्दल मी जे सांगितलं त्यातलं निम्मं चुकलं. उरलेलं निम्मं बरोबर आहे की नाही, ते मला आज सांगता येत नाही." मग त्यांनी हिराजीचं म्हणणं मांडलं. हिराजी म्हणाला, "बसला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

पण मास्तरांना त्यांच्या पुस्तकातली माणसं कमी पडत. दुसऱ्या तटाचं आपण सांगतो ते शेवटी उसनं, असं त्यांना वाटायचं. म्हणून त्यांनी परांजपे बाईंना बोलावलं. बाई एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि त्यांचा तट उघडपणे दुसरा. पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम, आणि समोर तीस कामगार बघून जराही न बिचकणाऱ्या. त्यांनी खडू हातात घेतलाच नाही. चहा मागवला आणि हिराजीला दिला. त्याने प्यायला. दुसरा दिला, तोही प्यायला. तिसरा त्याने रेंगाळत संपवला. चौथ्याला त्याने हात जोडले.

"बाय, आता नको. प्वाट भरला."

"चहा तोच ना? करणाऱ्याची मेहनतही तीच?"

"तीच."

"मग पहिल्याला तुम्ही एवढे खूश होतात आणि चौथ्याला हात का जोडता?"

सगळ्या खोलीत खसखस पिकली, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते मास्तर. आपलाच तट कात्रीत सापडलाय याचा एवढा आनंद झालेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. मग त्यांनी बाईंचं म्हणणं मांडलं. बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुम्हीच बरं सांगितलंत."

"तसं नाही म्हणायचं, बाई. काटा बसला म्हणायचं."

"बरं बाबा, बसला."

तेव्हा मास्तर म्हणाले, "आता माझं ऐका. चौथा चहा नको म्हणायची सोय हिराजीरावांना आहे. पण चौथी पाळी नको म्हणायची सोय त्यांना आहे का?" मग दोघांची जी जुंपली ती दुपारचं जेवण हुकेपर्यंत. बाई त्यानंतर दर महिन्याला येऊ लागल्या. दोघांपैकी कुणीही तट बदलला नाही.

हे सगळं ज्यांना खुपत होतं ते युनियनचे चिटणीस साळगावकर. माणूस वाईट नव्हता, हे मला आज लिहावंसं वाटतं. स्वतःची नोकरी त्यांनी युनियनपायी घालवली होती. पण अभ्यासवर्गाला ते एकदाही आले नव्हते. वर्ग म्हणजे लोकांना आपली बाजू पाठ करून देणं, अशी त्यांची समज होती, आणि मास्तर तर दोन्ही बाजू पाठ करून देत होते.

मग संप झाला. तो लांबला आणि काही हाती न लागता मोडला. लोक खाली मान घालून पुन्हा कामावर गेले. हरलेल्या माणसांना कारण लागतं, आणि ते कारखान्यातल्या ताकदवान माणसांत सापडलं तरी त्याचा उपयोग नसतो. ते जवळपास सापडावं लागतं. साळगावकरांनी एका संध्याकाळी कमिटीची सभा लावली. आरोप असा होता की गमऱ्यांनी मालकांचं अर्थशास्त्र युनियनच्या खोलीत आणलं, ऐन संपात बाहेरच्या बाईला बोलावलं आणि कामगारांच्या मनात संशय पेरला. ठराव असा की वर्ग बंद करावा आणि गमऱ्यांचं सभासदत्व काढून घ्यावं. इतिवृत्त लिहायला मी होतो, कमिटीत नुकताच घेतलेला. हिराजीची त्या दिवशी दुसरी पाळी होती.

साळगावकर बोलले. मग मास्तर उठले. नेहमीसारखे, खिशात पेन्सिल आणि बाह्या दुमडलेल्या.

"साळगावकरांचं मी आधी मांडतो," ते म्हणाले. "संपात माणसाला तगवून धरते ती एकच गोष्ट, आपण बरोबर आहोत ही खात्री. ज्याच्या हातून ती सैल होते तो मालकाच्याच कामी येतो, मग त्याचा हेतू काही असो. घरात चूल पेटत नाही अशा माणसाला चार चहांची गोष्ट सांगणं ही चैन आहे. मी ती चैन केली. जे लोक लवकर कामावर परत गेले त्यांत माझ्या वर्गात बसणारे होते. ही खोली लढायला घेतलेली आहे, वाद घालायला नाही."

खरं सांगायचं तर साळगावकरांना स्वतःला हे इतकं चांगलं मांडता आलं नव्हतं. मास्तर त्यांच्याकडे वळून थांबले. ते कशासाठी थांबले होते हे त्या खोलीत मला ठाऊक होतं. आणखी दोघा-तिघांनाही असेल. साळगावकरांना नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं मान्य आहे," साळगावकर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याची भावना होती. "मग प्रश्नच मिटला. शिंदे, लिहून घ्या."

"नाही, हे तुमचं झालं. माझं अजून..."

"झालं की, मास्तर. स्वतःच्या तोंडानं बोललात. आता उगाच टेन्शन वाढवू नका."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आर्जवाने नाही. वर्गात एखादा मुद्दा सुटला की ज्याला तो माहीत आहे त्याच्याकडे ते जसे बघत, तसं. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं, की ही कबुली नाही, ही यांची पद्धत आहे, यांचं बोलणं आता सुरू व्हायचंय. दोन वाक्यं. मी मान खाली घातली आणि लिहिलं, "सदर आरोप श्री. गमरे यांनी सभेसमोर मान्य केले." हात वर झाले. डाव्या हाताने वही धरून मीही उजवा वर केला.

मला कुणी धमकावलं नव्हतं. त्याच आठवड्यात सहचिटणीस म्हणून माझं नाव पुढे आलं होतं, एवढंच. ते खरंही झालं. दोन वर्षं मी त्या खुर्चीत बसलो आणि रविवारी सकाळी आतली खोली बंद असायची.

दुसऱ्या दिवशी हिराजी टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. त्याने आरडाओरडा केला नाही.

"तू व्हतास ना तिथं?"

"होतो."

"मंग?"

मी मस्टर चाळत राहिलो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्यानंतर माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा.

मास्तर मात्र बोलायचे. रोज गेटातून आत शिरताना केबिनमधून आवाज यायचा, "या शिंदे." तोच आदर, तोच सूर. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. सभेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. खुलासा लिहून दिला नाही, दुसरीकडे वर्ग काढला नाही. परांजपे बाई एकदा गेटाशी येऊन त्यांना भेटून गेल्या असं ऐकलं. मग एक दिवस काट्यावर दुसराच माणूस दिसला. तो ट्रक एकाच बाजूने चढवायचा आणि रांग भराभर पुढे सरकायची. साहेब खूश होते.

न्हावा शेव्याला बंदराचं काम जोरात चालू होतं, तेव्हा मास्तर तिकडच्या रस्त्यावर एका खाजगी काट्यावर आहेत असं कळलं. मी जाईन जाईन म्हणत दोन वर्षं घालवली. शेवटी एका दुपारी गेलो. बसमध्ये मी माफीची वाक्यं जुळवत होतो. पत्र्याची केबिन, समोर धुळीचा रस्ता, केबिनच्या सावलीत एक बाकडं. मास्तरांचे केस पांढरे झाले होते. खिशात लाल-निळी पेन्सिल होती, पण अखंड, कुठल्याच बाजूने तासलेली नाही.

"या शिंदे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी बाकडं पुसलं. मी त्यांच्या पत्नीची, वहिनींची, चौकशी केली, त्यांनी माझ्या आईची केली. मग मी सुरुवात केली, "मास्तर, त्या सभेत मी..."

"थांबा. तुमचं मी मांडतो. बघा बसतंय का."

आणि त्यांनी मांडलं. "शिंदे तेव्हा पंचविशीतले. गावी दोन बहिणी लग्नाच्या, सगळी भिस्त यांच्यावर. खोलीतले सगळे हात वर असताना एकट्यानं खाली ठेवायचा, तर आपलं कुणी ऐकेल असं तरी वाटायला हवं. जिथं मास्तरांनाच बोलू दिलं नाही, तिथं शिंद्यांचं कोण ऐकणार? शिवाय त्यांना वाटलं, मास्तर आहेत, आज ना उद्या आपलं आपण बोलतील. मास्तर बोललेच नाहीत. ती मास्तरांची चूक. त्याचं ओझं शिंद्यांनी का घ्यावं?"

ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

काटा बसला नव्हता. ज्या माणसाबद्दल ते बोलत होते तो माझ्यापेक्षा बराच चांगला होता. बहिणींचा विचार त्या संध्याकाळी माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मला खुर्ची हवी होती. हे त्यांना सांगायचं, तीनदा "नाही बसला" म्हणायचं आणि ते खरं मांडेपर्यंत थांबायचं, एवढ्यासाठीच तर मी आलो होतो. पण त्यांनी जे पुढे केलं होतं ते फार ऊबदार होतं.

"बसला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. नियमाप्रमाणे आता पाळी त्यांची होती. मी वाट पाहिली. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, बोटांत फिरवली, पुन्हा ठेवली. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. खडीने भरलेला एक ट्रक काट्याशी येऊन थांबला होता.

"जरा बघून येतो," ते म्हणाले आणि उठले.

माझी बसही त्याच वेळी आली. पुढची दोन तासांनी होती. मी थांबू शकलो असतो. मी हात हलवला, त्यांनी केबिनमधून हलवला, आणि मी चढलो. ती आमची शेवटची भेट. पुढे ते गेले, तेही मला चार महिन्यांनी कळलं.

बस सुटता सुटता मी खिडकीतून मागे पाहिलं. ट्रकचं एका बाजूचं वजन झालं होतं. मास्तर बाहेर येऊन रस्त्याच्या मध्ये उभे होते आणि हाताने खूण करत ड्रायव्हरला वळून दुसऱ्या बाजूने यायला सांगत होते. ड्रायव्हर काहीतरी कुरकुरत होता, पण वळवत होता. मास्तर हात तसाच वर धरून उभे राहिले. मग बस वळली आणि मला त्या बाजूचं वजन किती भरलं ते कळलं नाही.